मेंटॉरला ऐकवायचा डेमो: नुसता गिटार-आवाज की पूर्ण अरेंजमेंट?

गीतलेखन परिषदेत मेंटॉर (गाणं ऐकून सल्ला देणारा अनुभवी) शब्द, चाल आणि बांधणी ऐकतो. म्हणून फक्त गिटार आणि गायनाचा साधा डेमो (गाण्याचं नमुना रेकॉर्डिंग) बहुतेकदा सरस. रेकॉर्ड करताना फोन तोंडापासून हातभर लांब, पंखा बंद. गिटार वरचढ झाली की शब्द बुडतात. इंट्रो (सुरुवातीचं वादन) ४ बार (तालाचे छोटे विभाग) पुरे. कोरस (परत परत येणारं ध्रुवपद) पहिल्या मिनिटात यायलाच हवा.

पूर्ण अरेंजमेंट (सगळ्या वाद्यांसह बांधलेलं गाणं) तेव्हाच, जेव्हा गाणं ठेक्यावर किंवा सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या) रिफवर (परत परत येणाऱ्या सुरावटीवर) उभं असेल. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) जास्त झाला की व्यंजनं पुसट होतात आणि चर्चा गाणं सोडून मिक्सवर (आवाजांच्या जुळवणीवर) घसरते. शिवाय एक कडवं बदललं की ट्रॅक पुन्हा बांधावा लागतो. साधा डेमो त्याच संध्याकाळी नव्याने रेकॉर्ड होतो.

कुठलाही निवडा, एमपीथ्री ३२० केबीपीएसला (चांगल्या दर्जात) काढा आणि फोनमध्येही ठेवा. गाण्याचे शब्द छापून न्या.