फेंडर मालमस्टीन स्ट्रॅट: मींडेला सोपी, कॉर्डला कडक

स्वीडिश गिटारवादक यंग्वी मालमस्टीनच्या नावाची ही स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार, फेंडरने 1988 मध्ये आणली. बोर्डवरच्या दर दोन फ्रेटमधलं (धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) लाकूड वाटीसारखं खोल कोरलेलं, पैसे मुख्यतः त्याचेच. मुंबईत धोबी तलावला एखाद्या वाद्यांच्या दुकानात हाताशी आली तर कॉर्ड नंतर. आधी तिसरी तार 12व्या फ्रेटवर धरून दोन फ्रेट वर ओढा आणि स्वर 14व्या फ्रेटशी ताडून बघा.

साध्या बोर्डवर बोटाचं टोक लाकडावर घासतं आणि तार निसटते. इथे लाकूड लागतच नाही, बोट तारेखाली शिरतं. सतारीच्या उंच पडद्यांवर मींड सुटते ती याच कारणाने. झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ या बँडमध्ये वाजवताना गिटारवादक जॉन मॅकलॉफलिननेही कोरलेल्या बोर्डची गिटार वापरली होती. अनामिकेने ओढा, मागची दोन बोटं त्याच तारेवर आधाराला, जोर मनगटाचा. उतरत्या मींडेसाठी तार आधी ओढून ठेवायची, मग पिक मारून सावकाश सोडायची.

आता कटकट. खाली अडवायला लाकूड नाही, म्हणून जरा जास्त दाबलं की तार ताणते आणि स्वर चढतो. एफचा बारे कॉर्ड (एकाच बोटाने साऱ्या तारा दाबून धरायचा) हमखास बेसूर होतो. ट्यूनर लावून, स्वर स्वच्छ येईल तेवढाच दाब शोधा. मालमस्टीन 8 च्या तारा (सर्वांत बारीक तार 0.008 इंच) लावतो, पण बारीक तार दाबाने लवकर चढते. सुरुवात 10 च्या सेटने केलेली बरी. ऑर्केस्ट्रात रात्रभर ऱ्हिदम वाजवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

‘स्कॅलप केलं (बोर्ड असा कोरला) की बेंड, म्हणजे ओढलेला स्वर, गुदमरत नाही’ असं म्हणतात, हे मात्र खोटं. ओढलेली तार पुढच्या फ्रेटला टेकली की स्वर मरतो. त्याचा इलाज ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी वाढवणं किंवा उंच राहिलेला फ्रेट घासून घेणं. ब्रिज (तारा बॉडीवर जिथे बसतात तो भाग) स्प्रिंगवर तरंगता ठेवला असेल, तर एक तार ओढताना बाकीच्या उतरतात. दोन तारांची बेंड घेणाऱ्यांनी स्प्रिंग आवळून ब्रिज बॉडीला टेकवावा.

मुंबईच्या पावसाळ्यात नेक (गिटारचा दांडा) हलतो, तेव्हा ट्रस रॉड, म्हणजे त्याच्या आतली सळई, तपासून घ्या. खाचांत घाम साचतो. वाजवून झालं की कोरडं फडकं फिरवायचं.

जुनी गिटार कोरून घ्यायचा विचार असेल, तर आयबानेझ जेम या गिटारसारखे फक्त शेवटचे चार फ्रेट आधी करून घ्या. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही.