सीझेड ४५७: बॅरल बदलल्यावर झिरो परत येतो का?

मॉड्युलर रायफल दाखवताना विक्रेता आधी सुटे होणारे भाग मोजून दाखवतो: बॅरल, स्टॉक, मॅगझिन, ट्रिगर. कागदावर नेम लावणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. हे सगळं परत जोडलं की पहिली गोळी पूर्वीच्याच जागी लागते का, म्हणजे झिरो (दुर्बिणीची नेमाची जुळणी) टिकतो का? चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यातून येणारी सीझेड ४५७ ही .२२ एलआर (छोट्या बोरच्या काडतुसाची) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल इथे त्याच कसोटीवर पाहिली आहे. रेंज ५० ते २०० मीटर, आणि हवामान जळगाव-धुळे-नंदुरबारचं: मे महिन्यात ४४ अंश, फुफाटा, आडवा वारा, आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल.

निकाल आधीच सांगतो. पालथं पडून किंवा बेंचवरून लांब पल्ल्याचं नेमबाजीचं काम करायला ही रायफल उत्तम आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या ५० मीटर थ्री पोझिशनसाठी मात्र घेऊ नका. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. तो मध्य रेल्वेत नोकरीला, म्हणून भुसावळकरांना त्या पदकाचं जास्तच कौतुक. पण त्या प्रकारात दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि ते उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथं अशा तिन्ही स्थितींत गाठायचं असतं. त्याला हवी ती अंगाच्या मापाने सर्व बाजूंनी हलणारी बट-प्लेट, अ‍ॅपर्चर साईट आणि अगदी हलक्या दाबाने सुटणारा ट्रिगर. ४५७चा ट्रिगर सुमारे ८०० ग्रॅमच्या खाली सहसा जात नाही. त्या वाटेने जायचं तर अँशुट्झ, वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊच्या मॅच रायफलीकडे बघा.

आता रायफल. आधीच्या सीझेड ४५५च्या जागी आलेल्या या मॉडेलमध्ये बोल्ट (गोळी आत ढकलणारा, हाताने चालवायचा दांडा) उचलण्याचा कोन ९० अंशांवरून ६० वर आला. त्यामुळे मोठी आयपीस असलेली दुर्बीण खाली बसवता येते आणि बोल्ट चालवताना अंगठा तिला अडत नाही. ट्रिगरला तीन समायोजनं आहेत: वजन, आधीची चाल आणि सुटल्यानंतरची चाल. वजन कमी करत जाण्याआधी आधीची चाल नीट लावा. ती फारच कमी केली तर बोल्ट जोरात बंद करताना सिअर (फायरिंग पिन रोखून धरणारी कळ) निसटू शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट दहा वेळा झटक्याने बंद करून बघायचा आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं. एकदाही सिअर निसटला तर स्क्रू मागे घ्या.

मॉड्युलरपणाचा गाभा बॅरलच्या जोडणीत आहे. बॅरल आट्यांनी आवळलेली नाही. तिचा मागचा दंडगोल रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात चालतो त्या चौकटीत) सरकतो आणि रिसीव्हरच्या पोटातले दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) त्याला धरतात. ते दिसायला आधी स्टॉक काढावा लागतो. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेला, बोल्ट बाहेर, मग स्टॉकचे स्क्रू, मग अ‍ॅक्शन (बॅरल आणि रिसीव्हरचा धातूचा सांगाडा) उचलून ग्रब स्क्रू ढिले, आणि बॅरल सरळ पुढे. नवी बसवताना दंडगोल आणि त्याची जागा दोन्ही कोरड्या कपड्याने पुसा. इथे बारीक वाळूचा एक कण राहिला तरी बॅरल पूर्ण मागे बसत नाही, आणि आपल्याकडच्या धुळीत तो कण राहतोच, म्हणून हे काम रेंजवर उघड्यावर करू नये. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचा बोल्टच्या नखांशी जुळल्या आहेत ना ते पाहा, बॅरल घट्ट मागे दाबून धरा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरी करत आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की बॅरल एका बाजूला रेलते. नंतर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी उरणारी जागा) गेजने तपासा: .२२ एलआरसाठी किमान ०.०४३ इंच, म्हणजे सुमारे १.०९ मिलिमीटर. त्याहून कमी असेल तर बोल्ट जड बंद होतो. जास्त असेल तर फायरिंग पिनचा मार रिमवर (काडतुसाच्या कडेवर) कमी बसतो आणि फुसके राउंड निघतात.

एवढं काटेकोर केलं तरी झिरो पुन्हा तपासावाच लागतो. ग्रब स्क्रूच्या जोडणीत काही मिनिटांचा (कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडणं स्वाभाविक आहे, आणि ५० मीटरवर एक मिनिट म्हणजे १४.५ मिलिमीटर, म्हणजे दहाच्या वर्तुळापेक्षा जास्त. त्यामुळे एका दिवसात दोन बॅरल खेळवण्याचा बेत असेल तर ही रायफल त्यासाठी नाही. वर्षातून एकदा, झिजलेली बॅरल घरच्या घरी बदलता येणं आणि स्टॉक हवा तसा निवडता येणं, हा तिचा खरा फायदा. आणि सुट्या बॅरलचा विचार करण्याआधी परवाना बघा. कायद्याच्या लेखी बंदुकीचे भागही शस्त्रातच मोडतात. परवान्यावर नोंद नसलेली जादा बॅरल कपाटात ठेवणं महागात पडतं. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजांना सवलत आहे, पण ती वर्गवारीप्रमाणे. जिल्हादंडाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारा, पैसे नंतर भरा. आणि गोळी झाडायची ती मान्यताप्राप्त रेंजवरच. वावर कितीही मोकळं असलं तरी .२२ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

आवृत्ती निवडताना एमटीआर घ्या. तिची साडेवीस इंची जाड बॅरल आणि मॅच चेंबर हेच जास्त पैसे देण्याचं कारण. मॅच चेंबरमध्ये गोळीचा पुढचा भाग रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) आधीच टेकतो, म्हणून सुरुवात एकसारखी होते. त्याची किंमतही आहे. चेंबरमध्ये गेलेलं जिवंत काडतूस बोल्टने परत ओढलं तर गोळी तिथेच अडकून केस तेवढी बाहेर येते आणि बारूद अ‍ॅक्शनमध्ये सांडते. त्यामुळे भरलं की लक्ष्यावर झाडायचं. अडकलीच तर बोल्ट काढून, सांडलेली बारूद झटकून, तोंडाकडून क्लीनिंग रॉडने हलकेच मागे ढकलायची. पुढे दुसरी गोळी झाडून ती काढण्याचा विचारही नको, बॅरल फुगते.

स्टॉक अक्रोडाचा की अ‍ॅल्युमिनियम चेसिस? खान्देशात आमचं मत चेसिसकडे झुकतं, आणि कारण दिसण्याचं नाही. जूनमध्ये ओल आली की लाकूड फुगतं, मार्चमध्ये सुकतं, आणि दोन्ही वेळा अ‍ॅक्शन स्क्रूचा ताण बदलतो. चेसिसमध्ये हे होत नाही. गालाचा आधार आणि बटची लांबी हत्याराशिवाय बदलते, आणि घरातल्या दोन नेमबाजांत ती सोय लागतेच. तोटा एकच: मे महिन्यात दुपारी उन्हात राहिलेल्या धातूला गाल टेकवता येत नाही. गालाच्या पट्टीवर कापड गुंडाळा आणि रायफल सावलीत ठेवा. अ‍ॅक्शन स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा. लाकडी स्टॉकला २.५ ते ३ न्यूटन-मीटरच्या दरम्यान सुरुवात करून ०.२च्या टप्प्याने ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा घोळका) कुठे बारीक होतो ते पाहा आणि तो आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. चेसिसला निर्मात्याने दिलेला आकडा पाळा.

लांब पल्ल्यासाठी दुर्बिणीखालची रेल महत्त्वाची. ३२७ मीटर प्रति सेकंदाने निघणारी ४० ग्रेनची गोळी ५० मीटरवर झिरो केली, तर १०० मीटरवर साधारण २० सेंटिमीटर खाली येते, आणि २०० मीटरवर दीड मीटरहून जास्त. मिनिटांत सांगायचं तर २६ ते ३०. ज्या दुर्बिणीत एकूण ६० मिनिटांची उंची आहे तिला मधल्या स्थानापासून वर ३०च मिळतात, म्हणजे सपाट रेलवर २०० मीटरला शेवटच्या खुणेपाशी आलो. २५ मिनिटं उताराची रेल घेतली की जागा उरते. पॅरलॅक्सची (डोळा हलल्यावर लक्ष्यावरची खूण सरकण्याची) जुळणी ५० मीटरपर्यंत खाली येते का, तेही विचारा. १०० मीटरवर पक्की केलेली दुर्बीण ५०वर डोळा हलला की गोळी हलवते.

दारूगोळ्यात कंजूषी करू नका. वरणगावला आयुध निर्माणी आहे म्हणून तिथला माल मिळेल असं काहींना वाटतं. तिथे सैन्याची ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं होतात. ती आपल्या कामाची नाहीत. एसके स्टँडर्ड प्लस, लापुआ सेंटर-एक्स किंवा एली टेनेक्स यांतलं काय मिळतं ते बघून, एकाच लॉट क्रमांकाच्या शक्य तितक्या पेट्या घ्या. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर ५० मीटरवर उभा फरक जेमतेम ८ मिलिमीटर, पण १०० मीटरवर ३ सेंटिमीटर, आणि २०० मीटरवर १४च्या आसपास. ५० मीटरवर छान दिसणारा लॉट २०० मीटरवर उभी रांग लावतो तो यामुळेच. लॉटची परीक्षा ५-५ गोळ्यांच्या पाच ग्रुपांनी करा. तीन गोळ्यांचा एखादा बारीक ग्रुप काहीच सिद्ध करत नाही. ब्रँड बदलला की बॅरलमधला आधीच्या गोळ्यांचा मेणकट लेप निघून नवा बसेपर्यंत निदान २० गोळ्या मोजणीबाहेर ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा या काडतुसांना दोन प्रकारे भिडतो. एक फायद्याचा. १० अंशांच्या पहाटे ध्वनीचा वेग ३३७ मीटर प्रति सेकंद असतो, ४४ अंशांना ३५७. ३२७ने जाणारी गोळी हिवाळ्यात ध्वनीच्या वेगाच्या ९७ टक्क्यांवर असते, मेमध्ये ९२वर. त्या सीमेजवळ हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो, म्हणून उन्हाळ्यात गोळी थोडी कमी पडते आणि वाऱ्यालाही थोडी कमी वाकते. डिसेंबरात लावलेला झिरो मे महिन्यात १०० मीटरवर वर जातो, तो बॅरलचा दोष समजून स्क्रू पिळू नका. दुसरा परिणाम तोट्याचा. .२२च्या गोळीवर बाहेरून मेणकट लेप असतो. उन्हात पेटी उघडी राहिली की तो मऊ होतो, त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि तीच बॅरलच्या सुरुवातीला घासत जाते. काडतुसं थर्माकोलच्या डब्यात, सावलीत, झाकण लावून ठेवा. बर्फ टाकू नका, ओल येते. दहाचीच मॅगझिन भरायची, आणि रोज संध्याकाळी ती उघडून आतली धूळ झटकायची. राउंड वाकडं जाणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

वाऱ्याचं गणितही आधी डोक्यात हवं. ३ मीटर प्रति सेकंदाचा पूर्ण आडवा वारा ५० मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर, १०० वर ६ आणि २०० वर २५ सेंटिमीटर सरकवतो. म्हणून मार्च ते मेमध्ये चाचणी सकाळी ६ ते ९ मध्येच उरका. नंतर जमिनीवरून उठणाऱ्या लाटांत लक्ष्य पोहत असतं, आणि त्यावरून रायफलीला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

स्वच्छतेची वाट लागते ती चेंबरच्या पुढच्या टोकाला. तिथे कार्बनचं कडं जमतं, आणि २००-३०० गोळ्यांनंतर ग्रुप उगाच फुटायला लागला तर आधी तेच बघा. बोर गाइड लावून मागच्या बाजूने सॉल्व्हंटचा पॅच, दहा मिनिटं थांबणं, मग कोरडे पॅच. साफसफाईसाठी पुढून रॉड घालून तोंडाची कड घासू नका.

पावसाळ्यात बोल्ट आणि बॅरलवर तेलाचा पातळ हात, पेटीत सिलिका जेल, आणि रायफल फोमच्या पेटीत कायमची ठेवू नये, फोम ओल धरतो. लाकडी स्टॉक असेल तर जुलैत एकदा आणि नोव्हेंबरात एकदा अ‍ॅक्शन स्क्रू सोडून, झाकणावरच्या आकड्याला पुन्हा आवळा आणि ५० मीटरवर पाच गोळ्यांनी झिरो तपासा.