रायडेनसाठी आधी काय: टॅलेंट, आर्टिफॅक्ट की बॅनरवरचे शस्त्र?

गेन्शिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममध्ये रायडेन शोगुन हे पात्र हाती आले की साठवलेले रेझिन (वेळेनुसार भरणारी ऊर्जा) आणि प्रिमोजेम (विश, म्हणजे सोडतीसाठीचे चलन) आधी कशावर खर्च करावेत, हा प्रश्न लगेच उभा राहतो. टॅलेंट (पात्राची कौशल्ये) वाढवावेत, आर्टिफॅक्टच्या (पात्राला घालायच्या पाच नगांच्या) मागे लागावे, की बॅनरवरून (सोडतीतून) तिचे खास शस्त्र ‘एनगल्फिंग लाइटनिंग’ घ्यावे, हे तीन मार्ग. तिन्हींनी डॅमेज वाढते. मात्र पहिल्यात फळ ठरलेले असते, दुसऱ्यात ते नशिबावर असते आणि तिसऱ्यात नशीब व खिसा दोन्ही लागतात. हा आढावा पुण्यातल्या दोन प्रकारच्या खेळाडूंना समोर ठेवून लिहिला आहे: हिंजवडीहून वाकडच्या गर्दीतून रात्री घरी पोहोचणारा नोकरदार, आणि सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, खेळावर एक रुपयाही न घालणारा विद्यार्थी.

दोघांचेही खरे भांडवल रेझिन हेच आहे. ते ८ मिनिटांना १ या गतीने, म्हणजे दिवसाला १८० भरते आणि २०० ला थांबते. रिकामी टाकी भरायला २६ तास ४० मिनिटे लागत असल्यामुळे दिवसातून एकदा खेळ उघडला तरी काही वाया जात नाही. एशिया सर्व्हरचा दिवस आपल्याकडे रात्री दीड वाजता बदलतो, त्यामुळे बुधवारी साडेअकराला जेवण आटोपून फोन हातात घेतला तरी बुधवारचे डोमेन (रेझिन खर्चून साहित्य मिळवण्याची जागा) अजून उघडेच असते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण रायडेनचे टॅलेंट वाढवणारी ‘लाइट’ मालिकेतील पुस्तके फक्त बुधवार, शनिवार आणि रविवारीच मिळतात. आयटीवाल्यांना त्यातले दोन दिवस सुट्टीचेच असतात.

आता टॅलेंटचा हिशेब पाहू. रायडेनचे बहुतेक काम तिच्या बर्स्टवर (एनर्जी भरल्यावर करता येणाऱ्या मोठ्या हल्ल्यावर) चालते, म्हणून तेवढे एकच टॅलेंट ६ वरून ९ वर नेण्याचा खर्च काढू. त्यासाठी ४, ६ आणि १२ अशी मिळून २२ सोनेरी पुस्तके, ८,३०,००० मोरा (खेळातले नाणे) आणि सिन्योरा या बॉसकडून मिळणारे ‘मोल्टन मोमेंट’ ४ नग लागतात. वरच्या श्रेणीच्या डोमेनमध्ये खालची पुस्तके जोडून धरली तर एका फेरीत सरासरी एका सोनेरी पुस्तकाहून किंचित अधिक हाती येते. म्हणजे सुमारे २० फेऱ्या, ४०० रेझिन. मोऱ्यासाठी ले लाइनच्या (मोरा देणाऱ्या लढतींच्या) १४ फेऱ्या धरल्या तर आणखी २८० रेझिन. एकूण ६८० म्हणजे चार दिवसांचेही रेझिन नाही, आणि त्या बदल्यात बर्स्टचा गुणक निश्चितपणे २१ टक्क्यांनी वाढतो. अडते ते फक्त सिन्योरापाशी, कारण तिची लढाई आठवड्यातून एकदाच फळ देते आणि तीन वस्तूंपैकी हवी तीच पडेल असे नसते. ड्रीम सॉल्व्हंट वापरून एक वस्तू दुसरीत बदलता येते, एवढा दिलासा.

याउलट आर्टिफॅक्टचे पाहा. ‘एम्ब्लेम ऑफ सेव्हर्ड फेट’ हा तिचा संच ज्या डोमेनमध्ये मिळतो, तिथे दुसराही एक संच पडतो, म्हणून हवा तो संच येण्याची शक्यता निम्मी. आर्टिफॅक्टच्या पाच जागांपैकी (फूल, पीस, सँड्स, गॉब्लेट, मुकुट) गॉब्लेट येण्याची शक्यता पाचात एक, आणि त्यावर इलेक्ट्रो डॅमेज मुख्य गुण म्हणून येण्याची शक्यता ५ टक्के. तिन्हींचा गुणाकार २०० त १. एका फेरीला २० रेझिन लागते, म्हणून सरासरी ४,००० रेझिन, अर्थात जवळजवळ बावीस दिवस, तेही सबस्टॅट (दुय्यम गुण) कसेही असले तरी. चार नग एम्ब्लेमचे ठेवून गॉब्लेट कोणत्याही संचाचा लावला तर ही शक्यता १०० त १ होते, म्हणून बाहेरचा गॉब्लेट हा शहाणा मार्ग आहे.

पण मुळात इलेक्ट्रो गॉब्लेटचा एवढा हट्ट तरी कशाला धरावा? रायडेनची एनर्जी रिचार्ज (बर्स्टची एनर्जी भरण्याचा वेग, टक्क्यांत) मोजा: मूळ १००, तिची स्वतःची वाढ ३२, पूर्ण वाढवलेल्या ‘द कॅच’ भाल्याचे ४५.९, सँड्सचे ५१.८ आणि संचाच्या दोन नगांचे २०. सबस्टॅट न धरताही बेरीज २५० च्या जवळ जाते. तेवढ्या रिचार्जवर संचाचे चार नग सुमारे ६२, तिचा पॅसिव्ह ६० आणि ‘द कॅच’ ३२ टक्के डॅमेज बोनस देतात, आणि हे सर्व एकाच राशीत मिसळते. १०० चे आधीच २५४ झाले असता त्यात इलेक्ट्रोचे ४६.६ मिळवले तर वाढ जेमतेम १८ टक्के, आणि तिच्या स्किलचा बोनसही त्याच राशीत पडत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. अ‍ॅटॅक गॉब्लेटचे ४६.६ टक्के मात्र मूळ अ‍ॅटॅकवर बसतात. रायडेन आणि भाला दोन्ही ९० पातळीवर असतील तर मूळ अ‍ॅटॅक ८४७, म्हणजे साधारण ३९५ ची भर पडते. बेनेट (अ‍ॅटॅक वाढवणारे पात्र) संघात असेल आणि त्याच्याकडून हजारभर अ‍ॅटॅक मिळत असेल तर दोन्ही गॉब्लेट जवळपास सारखे ठरतात. बेनेट नसेल तर अ‍ॅटॅकवालाच पुढे जातो. तो येण्याची शक्यता इलेक्ट्रोच्या जवळजवळ चौपट आहे. आर्टिफॅक्टच्या चर्चेत मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच, आणि ती फार कमी लोक करून पाहतात.

सबस्टॅटच्या मोहाला मात्र मर्यादा घालायला हवी. ६० टक्के क्रिट रेट (जादा डॅमेज बसण्याची शक्यता) आणि १२० टक्के क्रिट डॅमेजवरून (ते जादा डॅमेज किती) ७० आणि १४० वर गेल्यास सरासरी डॅमेज १५ टक्क्यांनी वाढते. पण त्यासाठी पाच नगांत मिळून सहा-सात रोल (सबस्टॅटच्या वाढी) जास्तीचे योग्य जागी पडावे लागतात. एखादा गॉब्लेट +४ पातळीला क्रिट रेट देतो, मन हुरळते, आणि +८ ला रोल डिफेन्सवर जातो. तिथेच थांबावे. +८ पर्यंत ४४,७२५ अनुभव खर्च होतो, आणि तो नग दुसऱ्याला खाऊ घातला तर त्यातला ८० टक्के परत मिळतो. +२० ला एकूण २,७०,४७५ लागतो आणि त्यातला ४३ टक्के शेवटच्या चार पायऱ्यांवर जातो, म्हणून +१६ ला चांगला दिसणारा नग लगेच पूर्ण करण्याची घाई नको.

पात्राच्या पातळीबद्दल थोडक्यात: ८० वरची बढती मिळाली की एनर्जी रिचार्जची पूर्ण वाढ हाती येते. पुढच्या दहा पातळ्यांना हीरोज विटची सुमारे १७१ पुस्तके लागतात, ती शेवटी.

शस्त्राच्या बॅनरवर पंचतारांकित शस्त्राची पिटी (खात्रीची मर्यादा) ८० विशला असते आणि निवडलेले शस्त्र वाईटात वाईट परिस्थितीत १६० विशमध्ये येते. त्याचे २५,६०० प्रिमोजेम होतात. विद्यार्थ्याच्या रोजच्या चार कमिशनचे ६० धरले तर हा सुमारे चौदा महिन्यांचा साठा आहे. इव्हेंट आणि स्पायरल अबिसचे जेम वेगळे, पण तेच जेम पुढच्या पात्रांसाठीही लागणार. नोकरदाराने वेल्किन मून (महिन्याचा सशुल्क पास) घेतले तर महिन्याला ३०० क्रिस्टल आणि रोज ९० जेम मिळून हा काळ सुमारे १६० दिवसांवर येतो. एनगल्फिंग लाइटनिंगचा मूळ अ‍ॅटॅक ६०८ आणि रिचार्ज ५५.१, म्हणजे ‘द कॅच’पेक्षा ते निर्विवाद सरस आहे. तरी ‘द कॅच’ इनाझुमात मासेमारी करून फुकट मिळतो आणि त्याच मार्गाने पूर्ण रिफाइनही होतो. रायमेई एंजलफिश खेळातल्या रात्रीच गळाला लागतो एवढीच काय ती तसदी. म्हणून विद्यार्थ्याने बॅनरकडे पाहूच नये. नोकरदाराला रायडेन वर्षभर मुख्य पात्र म्हणून वापरायची असेल आणि टॅलेंट ९ वर गेलेले असतील, तरच शस्त्राचा विचार करावा.

माझा क्रम असा राहील की पहिल्या दोन आठवड्यांत बर्स्ट ९ वर, भाला ९० वर, आणि बाकीचे सर्व रेझिन एम्ब्लेमच्या डोमेनमध्ये. ज्याला शनिवारी गावी जायचे आहे त्याने आदल्या रात्री कंडेन्स्ड रेझिन (साठवून ठेवता येणारे रेझिन) करून ठेवावे, म्हणजे टाकी भरून वाहत नाही. उरलेले पंचतारांकित नग तीनाला एक या दराने मिस्टिक ऑफरिंगमध्ये (जुने नग देऊन नवे घेण्याच्या सोयीत) द्यावेत. सँक्टिफायिंग एलिक्सिर, ज्याने मुख्य गुण आणि दोन सबस्टॅट स्वतः ठरवता येतात, ते फूल आणि पिसासाठी एकेकच लागते म्हणून तिथे उडवू नये. गॉब्लेटला चार लागतात, तरीही दोन महिन्यांत बरा गॉब्लेट आला नाही तर ते तिथेच वापरावे.