जुन्या ट्रसच्या पुलाला चंदेरी रंग: कुठला डबा घ्यावा?

ट्रसच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, रिव्हेटने (ठोकून बसवलेल्या खिळीने) जोडलेल्या जुन्या पुलासाठी दोन डब्यांतला अॅल्युमिनियम रंग (आयएस, म्हणजे भारतीय मानक, 2339) घ्या. कालवून तयार मिळणारा गेट-ग्रीलला ठीक, पण साठवणीत त्याची चमक कमी होते. अॅल्युमिनियमचा लगदा एका डब्यात आणि तेल दुसऱ्यात असं वेगळं ठेवलं तर अॅल्युमिनियमचे कण लावताना वर तरंगतात, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसतात आणि ऊन-ओल अडवतात. म्हणून त्या दिवशी संपेल तेवढाच कालवायचा.

मात्र निम्मं यश प्रायमरचं, म्हणजे आधी लावायच्या गंजरोधक थराचं. आयएस 2074 चा रेड ऑक्साईड झिंक क्रोम, दोन हात. त्यावर अॅल्युमिनियमचे दोन. पहिल्या चंदेरी हातात किंचित निळा मिसळला तर दुसरा कुठे सुटला ते लगेच दिसतं. पूर्वी प्रायमरऐवजी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावत. म्हणजे शिसं! बेळगाव भागातून गेलेली सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 ची. तेवढ्या जुन्या लोखंडावरचे थर कोरडे घासू नका. ओले करून खरवडा, तोंडाला साधा रुमाल नव्हे, मास्क हवा.

रंगाआधी रिव्हेट तपासा. तो लालबुंद तापवून ठोकलेला असतो. गार होताना आकसतो आणि पट्ट्या आवळून धरतो. पकड सुटली की फटीत पाणी शिरतं, गंज फुगतो, पट्ट्या उचलल्या जातात. डोक्याभोवती तांबूस ओघळ असेल तर एका बाजूला बोट टेकवून दुसरीकडून हलकी हातोडी मारा. बोटाला थरथर लागली तर रिव्हेट सैल. त्यावर रंग फासणं म्हणजे पैसे नदीत. आणि शंभरीपार पोलादाला चाचणीशिवाय वेल्डिंग करू नये, त्यात फॉस्फरस जास्त असू शकतो.

बेळगावच्या जास्त पावसाच्या खानापूर-कणकुंबीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच काम धरा, तेही दव वाळल्यावर. खरवडलेल्या भागाला त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. चिकोडी-अथणीकडे पाऊस कमी, पण कृष्णेच्या पुराचा गाळ खालच्या सांध्यांत बसतो, वर कबुतरांची विष्ठा. गसेट प्लेटजवळची (सांध्यावर पट्ट्या जोडणाऱ्या पत्र्याजवळची) पाणी जायची भोकं बुजली तर हा रंगही तिथेच आधी सोलतो. वरच्या भागाला मात्र याच्या तोडीचा स्वस्त पर्याय नाही.

डब्यावरचं क्षेत्रफळ सपाट पत्र्याचं असतं. जाळीदार पट्ट्यांना आणि रिव्हेटच्या डोक्यांना बराच जास्त माल जातो, तेव्हा आधी एक खण (दोन उभ्या पट्ट्यांमधला भाग) रंगवून मोजा, मग उरलेले डबे आणा.