सोन्याच्या नॅनोरॉडचं सीडी मुंबईत करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडची नॅनोवर काम करणारी बरीच पोरं विचारत असतात की सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे सॅम्पल डावा आणि उजवा वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश किती कमीजास्त शोषतं त्याचं मोजमाप) कुठे करायचं, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. आमच्या कॉलेजात साधं शोषण मोजणारं यूव्ही-व्हिजिबल मशीन आहे पण सर्क्युलर डायक्रोइझमचं मशीन नाही, म्हणून मुंबईतल्या एका इन्स्ट्रुमेंट सेंटरला स्लॉट घेतला, रात्री कोकणकन्या पकडली की सकाळी तिथे.

सॅम्पल म्हणजे सोन्याचे नॅनोरॉड (नॅनोमीटर मापाच्या बारीक काड्या), एका बाटलीत एल-सिस्टीन घालून जुळवलेले आणि दुसरीत डी-सिस्टीन, म्हणजे एकाच अमिनो आम्लाची आरशातल्यासारखी उलटसुलट दोन रूपं. सिस्टीनचा स्वतःचा सिग्नल यूव्हीत, 250 नॅनोमीटरच्या खाली असतो, पण रॉड एकमेकांना चिकटून जरा पिळात बसले की सिग्नल प्लाझमॉनच्या (सोन्यातल्या इलेक्ट्रॉनच्या एकत्र डोलण्याच्या) पट्ट्यात म्हणजे थेट दृश्य प्रकाशात येतो आणि डावा-उजवा वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश कमीजास्त शोषला जातो. फरक इतका बारीक की शोषणात 0.001 चा फरक असला तर मशीन साधारण 33 मिलिडिग्री दाखवतं, म्हणजे ऑपरेटर काळजीचा नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

इथल्या ऑपरेटर मॅडम खरंच काळजीच्या आहेत. नायट्रोजन सोडल्याशिवाय दिवा लावत नाहीत, कारण झेनॉन दिव्याच्या यूव्हीने ओझोन होतो आणि आतले आरसे खराब होतात. बेसलाइन, म्हणजे वजा करायचा कोरा स्कॅन, साध्या पाण्यावर न घेता माझ्याच सीटॅबच्या (रॉड ज्यात तरंगत ठेवतात त्या साबणासारख्या रसायनाच्या) द्रावणावर घेतली. आणि लॅबचा एसी एवढा थंड की बाटलीत तळाला पांढऱ्या सुया दिसायला लागल्या, सीटॅब 25 अंशांच्या आसपास आलं की असं बाहेर पडतं, आपल्याकडच्या उकाड्यात हा प्रकार कधी दिसतच नाही. मॅडमनी ते बघितल्याबरोबर बाटली कोमट पाण्यात धरली, सुया विरघळेपर्यंत थांबल्या आणि क्युवेटचा (सॅम्पल ओतायच्या पारदर्शक कुपीचा) होल्डर 30 अंशांवर लावूनच स्कॅन सुरू केला. घाईत तसंच ओतलं असतं तर त्या सुयांनी प्रकाश विखुरला असता आणि ग्राफ वाकडातिकडा आला असता. त्यामुळे सॅम्पल नेताना बर्फाच्या डब्यात अजिबात ठेवू नका.

मग स्क्रीनवर एलचा ग्राफ वर चढला आणि डीचा बरोबर आरशातल्यासारखा खाली उतरला, ते बघताना अंगावर काटा आला. ही आरशाची जोडी आली नाही तर सिग्नलवर विश्वास ठेवायचाच नाही, एकट्या एलवर पेपर लिहिणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे.

तक्रार आहे ती फिल्मबद्दल. काचेवर सुकवलेलं एक सॅम्पल पण नेलं होतं, ते दुपारच्या दुसऱ्या ऑपरेटरने ठेवलं, एक स्कॅन मारला आणि रिपोर्ट हातात. काचेवर रॉड एका दिशेने झोपले की लिनियर डायक्रोइझम (ध्रुवीकरणाच्या दिशेप्रमाणे कमीजास्त शोषण) आणि बायरिफ्रिन्जन्स (दिशेप्रमाणे बदलणारा अपवर्तनांक) मिळून खोटा सीडी सिग्नल उभा करतात, कधी कधी खऱ्यापेक्षा मोठा, म्हणून फिल्म बीमभोवती फिरवून आणि मागची बाजू पुढे करून परत स्कॅन घ्यायलाच हवा. मी मागितलं तर म्हणे जादा पैसे पडतील. दिले. पलटी केल्यावर शिखर सरळ खालच्या बाजूला गेलं! खरा सीडी पलटी केल्याने बदलत नाही, म्हणजे तो सिग्नल बव्हंशी खोटाच होता आणि मूळ रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती. सोन्याच्या फिल्मसाठी ही तपासणी मूळ दरातच धरायला पाहिजे, बाहेरगावहून आलेल्या पोराला हे कोण सांगणार?

द्रावणासाठी पाच पैकी साडेचार, फिल्मसाठी दोन. स्लॉट सकाळचा मागा, शोषण 1 च्या आसपास राहील इतकं पातळ करून न्या, आणि डेटाबरोबर डिटेक्टरच्या व्होल्टेजची एचटी फाइल पण मागून घ्या, व्होल्टेज जिथे फार चढलंय तिथला ग्राफ धरायचा नाही.