हृदयविकार-प्रतिबंधाचं संशोधन शिकायचंय: बाहेर जाऊन एमपीएच की इथेच फील्डवर?

रक्तदाब, तंबाखू, मीठ आणि माणसाच्या सवयी यांवर संशोधन करायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली आता सातारा-सांगलीतही भेटतात. कुणी बीएएमएस, कुणी एमएसडब्ल्यू, कुणी मानसशास्त्रात एमए. प्रश्न एकच: दोन वर्षांच्या निवासी एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला जावं, की एखाद्या प्रकल्पात रुजू होऊन काम करता करता शिकावं? चार वर्षांपूर्वी माझ्याही हातात बाहेरच्या एका संस्थेतली जागा होती आणि इकडे कोरेगाव तालुक्यात प्रकल्प सहाय्यकाची नोकरी. मी कोरेगाव धरलं.

अमेरिकेतल्या टी-32 फेलोशिपच्या, म्हणजे संशोधनाच्या प्रशिक्षणासाठी तिथलं सरकार देतं त्या विद्यावेतनाच्या, जाहिराती वाचून कुणाचं मन तिकडे धावत असेल, तर ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. तो विचार सोडून द्या.

एमपीएचचं मोल मी कमी लेखत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र 1997 पासून हा अभ्यासक्रम चालवतंय. संख्याशास्त्राची बैठक वर्गात जशी पक्की होते तशी फील्डवर होत नाही, हे मी ठेच लागून शिकलो. पहिल्या सर्वेक्षणात आम्ही दोनच वाड्यांतली घरं ओळीनं घेतली. एका वाडीतली माणसं एकाच दुकानातून सामान भरतात, एकमेकांच्या शेतात राबतात, त्यांचं खाणंपिणंही सारखंच. तिथली शंभर माणसं मोजली तरी शंभर माणसांइतकी माहिती हाती येत नाही. संख्याशास्त्राच्या मॅडमनी तक्ता बघताक्षणी हे सांगितलं आणि आमचे दोन महिने वाया गेले. पहिलं सत्र नीट केलेल्या एमपीएचच्या मुलानं ही चूक केली नसती.

तरी माझा कौल दुसरीकडे गेला, तो एका गोष्टीमुळे. जागा पक्की करण्याआधी मी त्या संस्थेत दोन दिवस राहून आलो आणि ग्रंथालयात आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचत बसलो. विषय चांगले, मांडणी नेटकी. पण मी उघडलेल्या एकेका प्रबंधात संशोधक त्या माणसाला एकदाच भेटलेला. प्रश्नावली भरली, रक्तदाब घेतला, झालं. चार-पाच महिन्यांत प्रबंध द्यायचा म्हटल्यावर मुलं तरी काय करणार! पण सवय सुटली की नाही, हे एका भेटीत कळायचं कसं? हृदयविकाराची कारणं शोधणारा अमेरिकेतला फ्रेमिंगहॅमचा अभ्यास 1948 साली 5,209 लोकांपासून सुरू झाला. तो एवढा मोलाचा ठरला, कारण त्याच माणसांना दर दोन वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. प्रबंधांतलं ते एकाच भेटीवर थांबणं मला त्या दोन दिवसांत फार खटकलं, आणि अजूनही खटकतं.

रहिमतपूरजवळच्या एका घरातलं सांगतो. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "छ्या, आमच्यात कुणी खात न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. तीन महिन्यांनी आशाताईंबरोबर परत गेलो, तेव्हाही नाहीच. तिसऱ्या खेपेला आम्ही सकाळी लवकर पोचलो. मावशी न्हाणीपाशी बसलेल्या, तर्जनी काळी झालेली, शेजारी पत्र्याची डबी. मी बघतोय म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "ही मिश्री हाय, तंबाखू न्हवं." भाजून कुटलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं, आणि तेही दिवसातून चार वेळा. त्या दिवसापासून आमच्या प्रश्नावलीत मिश्रीचा प्रश्न वेगळा आला आणि आधीची सगळी घरं आम्ही पुन्हा पालथी घातली. वर्षभरानं मावशी चारवरून दोन वेळांवर आल्या. मला वाटतं, माझं खरं शिक्षण त्या न्हाणीपाशी सुरू झालं.

अशा पुन्हा पुन्हा जाण्याला सातारा जिल्हा सोयीचा आहे. 2017 साली सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या उच्च रक्तदाब आटोक्यात ठेवण्याच्या सरकारी उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत तो होता. आम्ही ज्या आरोग्य केंद्रांत जायचो तिथे रक्तदाबाच्या रुग्णांची कार्डं लावून ठेवलेली असायची आणि तारखेला कोण आलं नाही, हे सिस्टर लगेच सांगायच्या. बारीकसारीक गोष्टीही फील्डच शिकवतं. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, हे पुस्तकात असतं. पण आपल्याकडे दारात पाऊल टाकलं की आधण चढतं. "आधी मशीन, मग चहा, आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही," हे वाक्य मला एका आरोग्य सेविकेनं दिलं.

ज्याचा जीव आकड्यांत रमतो, ज्याला पुढे धोरणाच्या कामात किंवा परदेशी पीएचडीला जायचंय, त्यानं एमपीएचला जावं. तिथे माझा अनुभव कदाचित लागू पडणार नाही. बाकीच्यांनी आधी दोन वर्षं फील्ड करावं असं मला वाटतं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम संध्याकाळी घरी बसून होतो, आणि एमपीएच नंतरही करता येतं. फक्त प्रकल्पाच्या मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी एवढं विचारा: त्याच घरी दुसऱ्यांदा कधी जायचंय, आणि तिसऱ्यांदा?