वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: नक्की करा
दिवाळीत मामाकडे वेंगुर्ल्याला गेलेलो तेव्हा मांडवी खाडीतली कांदळवन (म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांचं जंगल) सफर केली, स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून चालवतात ती. पाचपैकी पाच स्टार.

सगळ्यात आवडलं म्हणजे होडीला इंजिनच नाही, बायका वल्ही मारतात, त्यामुळे नुसता पाण्याचा आवाज. खंड्या अगदी आठ-दहा हातांवर बसलेला, उडाला पण नाही. मागच्या वर्षी दुसरीकडे एका स्नॉर्कलिंगवाल्याने आमच्या डोळ्यादेखत नांगर सरळ प्रवाळावर टाकला आणि मासे जमावेत म्हणून वर पाव टाकत बसला, तेव्हापासून असल्या ट्रिपांचा धसकाच घेतलेला मी.

इथे ताईंनी तिवर नावाच्या खारफुटीच्या झाडाचं पान उलटं करून माझ्या मुलीच्या हातात दिलं, "चाट गो बाय." खारट! खालून मिठाचे बारीक कण चमकत होते, झाड जास्तीचं मीठ असं पानातून बाहेर टाकतं. मग कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा दाखवल्या, त्या खरं तर शेंगा नाहीतच, झाडावरच रुजलेली रोपं, खाली पडली की चिखलात रुततात. चिपीच्या झाडाची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली आणि त्यांच्यामधून निवटे (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) उड्या मारतायत, मुलगी तिथून हलायलाच तयार नाही. चोणक मासा, सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) ह्यांची पिल्लं ह्याच मुळांत लपून मोठी होतात, म्हणजे कांदळवन तोडलं की खाडी पण रिकामी आणि जाळं पण रिकामं.

माझी आजी सरपणाला तिवरच आणायची, तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही. २०१२ला वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष झाला आणि वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्यातलं कांदळवन २०१३ला १८६ चौरस किमी होतं ते २०२१ला ३२४ दाखवलंय, वाचून खरंच बरं वाटलं. पण मामा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जाणारा माणूस, तो म्हणतो खाडी सुधारली तरी बाहेर समुद्रात एलईडीवाले, म्हणजे रात्री प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडणारे, आहेतच. केंद्राने २०१७लाच बंदी घातलीय त्यावर, तरी रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतात म्हणे. ही बंदी नीट पाळली गेली पाहिजे, नाहीतर इथे वाढलेली पिल्लं तिथे जाऊन संपणार.

जाताना आधी फोन करून भरतीची वेळ विचारा. आम्ही आमच्याच चुकीने तासभर उशिरा पोचलो, परतताना ओहोटी लागली आणि होडी गाळात टेकली. मी उतरायला पाय बाहेर काढला तर ताईंनी अडवलं, "बसा तुमी, मुळां मोडतली", आणि स्वतः गुडघाभर चिखलात उतरून, मुळं चुकवत चुकवत होडी ढकलत नेली.